आगाटे लाश : बोलीला इतिहास मिळवून देणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ

आगाटे लाश (४ जुलै १८७९ - १८ ऑगस्ट १९४२) या जर्मनीतील जर्मन भाषा व साहित्य या विषयाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक आणि हाम्बुर्ग विद्यापीठातीलही पहिल्या स्त्री प्राध्यापक होत. उत्तर जर्मनीच्या सपाट प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या लो जर्मन भाषेचे मध्ययुगीन व्याकरण, तिचा शब्दकोश आणि बर्लिन शहराच्या बोलीचा इतिहास ही त्यांची तीन मोठी कामे. या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यास आजही त्यांच्या ग्रंथांपासून सुरू होतो. ज्या भाषेचा भूतकाळ त्यांनी कणाकणाने गोळा केला, तिच्याच देशाने ज्यू म्हणून त्यांना आधी विद्यापीठाबाहेर काढले आणि नंतर ठार मारले.

मराठी वाचकाला, विशेषतः खानदेशातील वाचकाला, हे चरित्र वाटते तितके दूरचे नाही. नंदुरबारच्या आठवडे बाजारात तासभर फिरले, तर मराठी, अहिराणी, गुजराती, गुजरी, भिली, मावची, पावरी अशा कितीतरी भाषा कानावर येतात. त्यांपैकी दप्तरात, न्यायालयात आणि शाळेच्या फळ्यावर मात्र एकच लिहिली जाते. बाजारातील भाषा आणि दप्तरातील भाषा यांत अंतर का पडते, ते केव्हा पडते आणि त्याची किंमत कोण चुकवते, हाच लाश यांच्या संशोधनाचा पहिला प्रश्न होता.

शिक्षणाची वाट

लाश यांचा जन्म बर्लिनमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. पाच भावंडांच्या या घरात पैसा बेताचा होता. त्या काळी प्रशियातील मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. शिकलेल्या मुलीपुढे शिक्षिका होणे हा जवळजवळ एकच सन्मान्य मार्ग होता. लाश यांनी १८९८ मध्ये शिक्षिकेची परीक्षा दिली आणि पुढील काही वर्षे मुलींच्या शाळांत शिकवले. नोकरी सांभाळून त्यांनी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा १९०६ मध्ये उत्तीर्ण केली. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

परीक्षा उत्तीर्ण झाल्याने प्रश्न सुटला नाही. प्रशियाच्या विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश देण्यास १९०८ मध्ये सुरुवात केली आणि त्यानंतरही एखादा प्राध्यापक स्त्रियांना आपल्या वर्गात बसू देण्यास नकार देऊ शकत असे. बर्लिनमधील जर्मन भाषेचे नामवंत प्राध्यापक गुस्टाव्ह रोटे यांचा असा नकार प्रसिद्धच होता. जन्मगावी शिकणे शक्य नसल्याने लाश यांनी हाले आणि नंतर हायडलबर्ग गाठले. हायडलबर्ग ज्या बाडेन राज्यात होते, तेथे स्त्रियांना १९०० पासूनच प्रवेश मिळत होता. तेथे विल्हेल्म ब्राउन या थोर व्याकरणकारांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९०९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

दप्तराने बदललेली भाषा

प्रबंधाचा विषय होता सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बर्लिनमधील लेखनभाषेचा इतिहास. तो समजण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आज जिला आपण जर्मन म्हणतो, ती मुळात मध्य व दक्षिण जर्मनीतील उंच प्रदेशाची, म्हणजे हाय जर्मन भाषा. समुद्राकडील सखल प्रदेशाची भाषा वेगळी होती, ती लो जर्मन. येथे ‘हाय’ आणि ‘लो’ हे शब्द भूमीची उंची सांगतात, भाषेची प्रतिष्ठा नव्हे. हाय जर्मनमध्ये फार पूर्वी काही व्यंजने बदलली; लो जर्मनमध्ये आणि इंग्रजीत ती बदलली नाहीत. पाण्याला इंग्रजीत ‘वॉटर’, लो जर्मनमध्ये ‘वाटर’, पण प्रमाण जर्मनमध्ये ‘वासर’. सफरचंदाला इंग्रजीत ‘अ‍ॅपल’, लो जर्मनमध्ये ‘आपेल’, तर प्रमाण जर्मनमध्ये ‘आपफेल’. ‘मी’ या अर्थी लो जर्मनमध्ये ‘इक’ आणि प्रमाण जर्मनमध्ये ‘इश’.

मध्ययुगात ही लो जर्मन कोणत्याही अर्थाने दुय्यम नव्हती. ल्युबेक, हाम्बुर्ग, ब्रेमेन या शहरांच्या हान्सा व्यापारी संघाचा पत्रव्यवहार, करारमदार आणि कायदे याच भाषेत चालत. बाल्टिक समुद्राच्या काठाने तिचा दबदबा होता. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत आजही तिचे असंख्य शब्द आहेत. बर्लिनही लो जर्मन बोलणारे आणि लिहिणारे शहर होते. पुढे दक्षिण जर्मनीतून आलेल्या होहेनझोलर्न घराण्याची सत्ता तेथे बसली. शहर हान्सा संघापासून दूर गेले आणि त्याचा व्यवहार लाइपझिगकडील मुलखाशी वाढला. सोळाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या नगरदप्तराने आपली जुनी भाषा टाकून हाय जर्मन स्वीकारली.

लाश यांनी हा बदल अंदाजाने सांगितला नाही. नगराच्या नोंदवह्या, पत्रे, निवाडे आणि सनदा त्यांनी एकेक करून वाचल्या. कोणत्या लेखनिकाने कोणते रूप वापरले, एकाच कागदावर जुनी आणि नवी रूपे कशी शेजारी बसली, राजदरबाराशी बोलताना लेखनिक कोणती भाषा धरतो आणि शहरवासीयांशी बोलताना कोणती, हे त्यांनी तपासले. भाषा आपोआप बदलत नाही. सत्ता, व्यापार आणि शिक्षण यांच्या वाटेने ती बदलते, आणि हा बदल आधी कागदावर होतो, मग वरच्या वर्गाच्या तोंडी येतो आणि फार उशिरा घरात शिरतो, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. भाषेच्या अभ्यासात समाजाचा इतिहास असा आणणे त्या काळी नवीन होते.

अमेरिकेतील वर्षे

जर्मनीत डॉक्टरेट मिळवलेल्या स्त्रीला विद्यापीठात नोकरी मिळणे तेव्हा अशक्यप्राय होते. १९१० मध्ये लाश अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकवण्यासाठी गेल्या. तेथे असतानाच त्यांनी मध्ययुगीन लो जर्मनचे व्याकरण लिहिले आणि ते १९१४ मध्ये हाले येथून प्रसिद्ध झाले. विखुरलेल्या शेकडो दस्तऐवजांतून एका संपूर्ण भाषेची ध्वनिव्यवस्था आणि रूपे त्यांनी उभी केली होती. या व्याकरणाला आज शंभराहून अधिक वर्षे झाली. काही तपशील पुढील संशोधनाने सुधारले. पण त्याची जागा घेईल असा ग्रंथ अनेक दशके निर्माण झाला नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिका आणि जर्मनी एकमेकांसमोर उभे ठाकण्याची चिन्हे दिसू लागल्यावर लाश मायदेशी परतल्या.

हाम्बुर्ग आणि कोशाचे काम

परतल्यावर त्यांना हाम्बुर्गमध्ये जर्मन भाषेच्या अभ्यासकेंद्रात साहाय्यकाची जागा मिळाली. १९१९ मध्ये त्याच शहरात विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी लाश यांनी स्वतंत्रपणे अध्यापन करण्याची पात्रता मिळवली. १९२३ मध्ये त्यांना प्राध्यापक ही पदवी मिळाली. १९२६ मध्ये लो जर्मन भाषाशास्त्रासाठी प्राध्यापकपद निर्माण करून त्यावर त्यांची नियुक्ती झाली. शिक्षिकेच्या परीक्षेपासून येथवर येण्यास त्यांना अठ्ठावीस वर्षे लागली होती.

हाम्बुर्गमध्ये दोन मोठे कोश त्यांच्या हातून सुरू झाले. पहिला हाम्बुर्ग शहर व परिसराच्या बोलीचा. बंदरातील हमाल, होड्या बांधणारे कारागीर, कोळी, शेतकरी आणि गृहिणी यांच्या तोंडचे शब्द, त्यांच्या जोडीला जुन्या कागदपत्रांतील व नाटकांतील नोंदी अशी दुहेरी सामग्री चिठ्ठ्यांवर जमा होऊ लागली. दुसरा मध्ययुगीन लो जर्मनचा कोश. तो त्यांनी सहकारी कोनराड बोर्शलिंग यांच्यासह हाती घेतला आणि त्याचा पहिला भाग १९२८ मध्ये छापला गेला. कोशाचे काम किती चिवट असते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला, तो याच सुमारास. एकेका शब्दासाठी दहा माणसांना विचारावे, शंभर कागद चाळावेत आणि शेवटी दोन ओळी लिहाव्यात, अशा या कामात नाव फारसे होत नाही. पण पुढच्या पिढ्या त्यावरच उभ्या राहतात.

१९२८ मध्येच त्यांचा ‘बर्लिनिश’ हा बर्लिनच्या बोलीचा इतिहास सांगणारा ग्रंथ आला. बर्लिनची बोली म्हणजे अशिक्षितांनी बिघडवलेली जर्मन, असा सुशिक्षितांचा सर्रास समज होता. लाश यांनी तो पुराव्यानिशी खोडून काढला. बर्लिनचा माणूस ‘मी करतो’ या अर्थी ‘इक माखे’ म्हणतो. यातील ‘इक’ हे जुन्या लो जर्मनचे रूप, तर ‘माखे’ हे हाय जर्मनचे. म्हणजे दोन शब्दांच्या या छोट्या वाक्यात शहराचा चारशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे. ज्याला लोक चूक म्हणत होते, तो खरे तर नियम होता. फक्त त्या नियमाचे मूळ कोणी शोधले नव्हते.

१९३३ नंतर

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू सरकारी नोकरांना काढून टाकण्याची सोय केली. लाश यांच्या बाजूने स्वीडनमधील विद्वानांनी हाम्बुर्गच्या अधिकाऱ्यांकडे रदबदली केली. स्कँडिनेव्हियाच्या भाषांचा इतिहास लो जर्मनशिवाय उलगडत नाही आणि लो जर्मन लाश यांच्याशिवाय उलगडत नाही, हे तेथील अभ्यासक जाणून होते. या रदबदलीने काही महिने मिळाले. १९३४ मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आले.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नाझी राजवट ‘माती आणि लोक’ यांचा जयघोष करीत होती, खेड्यातील बोलींचे गोडवे गात होती. त्या बोलीची सर्वात मोठी जाणकार मात्र वंशाने परकी ठरवली गेली. वंशाच्या नावाने चालणारे हे ‘शास्त्र’ त्या आधीच एका मराठी विदुषीने जवळून पाहिले होते. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत मानवी कवट्यांचा अभ्यास करीत होत्या. वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेला पुष्टी मिळावी अशी तेथील अपेक्षा असताना त्यांच्या मोजमापांतून तसे काही निघाले नाही आणि त्यांनी ते तसेच नोंदवले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत तीच वंशकल्पना कायदा झाली आणि लाश यांच्या दारात पोहोचली.

१९३७ मध्ये लाश बर्लिनला आपल्या बहिणींकडे राहायला गेल्या. प्रकाशनाची वाट बंद झाली होती. १९३८ च्या डिसेंबरात ज्यू विद्वानांना विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही मज्जाव झाला. इस्टोनियातील तार्तू आणि नॉर्वेतील ऑस्लो येथील विद्यापीठांत त्यांना बोलावण्याचे प्रयत्न १९३९ मध्ये झाले. जर्मन सरकारने ते सफल होऊ दिले नाहीत. मग उरला तो घरातील ग्रंथसंग्रह. आयुष्यभर जमवलेली ही पुस्तके १९४२ च्या उन्हाळ्यात जप्त करण्यात आली.

त्यानंतर काही आठवड्यांतच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, आगाटे, एल्सबेथ आणि मार्गारेटे या तिघी बहिणींना बर्लिनहून रिगाकडे जाणाऱ्या गाडीत बसवण्यात आले. तीन दिवसांनी गाडी पोहोचली. १८ ऑगस्ट रोजी रिगाच्या आसपासच्या जंगलात त्यांची हत्या झाली. लाश त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

त्यानंतर बावीस दिवसांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साथी ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण शिरीषकुमारची घोषणा त्याच्या घरच्या भाषेत, गुजरातीत होती, आणि ती आजही नंदुरबारच्या मराठी माणसाला पाठ आहे. भाषेची सीमा आणि आपलेपणाची सीमा एकच असावी लागत नाही, याचे हे घरचे उदाहरण आहे.

उशिराचा न्याय

युद्धानंतर हाम्बुर्गमधील कोशाच्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या. हाम्बुर्ग बोलीचा कोश १९५६ पासून भागाभागाने छापला जाऊ लागला आणि २००६ मध्ये पाच खंडांत पूर्ण झाला. म्हणजे सुरुवात करणाऱ्या पिढीतील कोणीही तो पूर्ण झालेला पाहिला नाही. मध्ययुगीन लो जर्मनच्या कोशाचे कामही पुढील अभ्यासकांनी चालू ठेवले. हाम्बुर्गच्या राज्य शासनाने लो जर्मनच्या तरुण संशोधकांसाठी १९९२ पासून आगाटे लाश पुरस्कार देण्यास सुरुवात केली. हाम्बुर्ग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतील एका व्याख्यानगृहाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या घरासमोरच्या पदपथावर नाव आणि तारखा कोरलेला छोटा पितळी फलक बसवलेला आहे. नाझींच्या बळींसाठी असे हजारो फलक जर्मनीत बसवले गेले आहेत.

त्यांच्या भाषेलाही काही प्रमाणात न्याय मिळाला. प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांविषयीची युरोपीय सनद जर्मनीत १ जानेवारी १९९९ पासून लागू झाली आणि लो जर्मनला संरक्षित प्रादेशिक भाषेचा दर्जा मिळाला. हाम्बुर्गसारख्या राज्यांत ती शाळेतही शिकवली जाते. तरीही घरात ती बोलणाऱ्यांची संख्या पिढीगणिक घटत गेली. दर्जा मिळणे आणि मुलांच्या तोंडी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या दप्तरात काय आहे?

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते. त्याच जनगणनेत देशभरात भिली व तिच्या गटातील बोली मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटी चार लाख, तर खानदेशी सांगणारे अठरा लाखांहून अधिक होते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांची एकत्र नोंद झाली. १९९० च्या दशकात नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून शिक्षणाची सुरुवात केली. २०१३ मध्ये गणेश देवी यांच्या पुढाकारातून झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत आला. म्हणजे कामाला आरंभ झालेला आहे.

पण लाश यांनी बर्लिनसाठी जे केले, ते येथे अजून व्हायचे आहे. तापीच्या खोऱ्यात मराठी, गुजराती आणि भिली एकमेकींत कधी आणि कशा मिसळल्या? मुलगा ‘माले’ म्हणाला की शिक्षक ‘मला’ म्हणायला सांगतात, ‘शे’ म्हणाला की ‘आहे’ लिहायला लावतात. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे. तिच्याशिवाय दप्तराचे, न्यायालयाचे आणि पुढील शिक्षणाचे दार उघडत नाही. परंतु ‘माले’ ही चूक नसून एका वेगळ्या व्याकरणाचा नियम आहे, हे शिक्षकाला माहीत असणे आणि नसणे यात वर्गातील मुलाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात त्याला दुसरी भाषा मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याची पहिली हिरावली जाते.

लाश यांच्यापाशी यंत्रे नव्हती, मोठा निधी नव्हता. जुने कागद वाचण्याची चिकाटी, बोलणाऱ्याविषयीचा आदर आणि चिठ्ठ्यांचे खोके एवढीच त्यांची सामग्री होती. खानदेशातील तालुक्यांच्या दप्तरांत आणि घराघरांत तसे कागद आहेत, सातपुड्याच्या पाड्यांवर तसे बोलणारेही आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द मात्र फार काळ वाट पाहत नाहीत.